मोंतायू : छळ करणाऱ्यानेच लिहून ठेवलेला एका खेड्याचा इतिहास

दगडफूल

फ्रान्सच्या दक्षिणेला, पिरेनीजच्या डोंगरात, साधारण तेराशे मीटर उंचीवर मोंतायू नावाचं खेडं आहे. बारमाही राहणारी माणसं आज पंचवीस-तीसच्या आत. वर किल्ल्याचे पडके अवशेष, खाली उतारावर घरं, आणि त्याहून खाली एक जुनं चर्च. इथे कुणी राजा जन्मला नाही की मोठी लढाई झाली नाही. तरीही १३०० ते १३२० या काळात या गावात कोण कुणाच्या उवा काढत बसायचं, कुणाचं कुणाशी सूत होतं, कुणाच्या घरी रात्री चोरून कोण जेवायला यायचं, हे सगळं आपल्याला नावानिशी ठाऊक आहे. कारण गावकऱ्यांवर खटले चालले आणि खटले चालवणारा माणूस कमालीचा चिकट होता.

थोडी पार्श्वभूमी. या भागात कॅथार पंथाचा जोर होता. डोळ्यांना दिसणारं जग देवाने नाही तर सैतानाने घडवलं, अशी त्यांची धारणा. पूर्ण दीक्षा घेतलेल्यांना लोक ‘भली माणसं’ म्हणायचे. ती मांस, अंडी, दूध खात नसत, स्त्रीसंग करत नसत, शपथ घेत नसत. सामान्य अनुयायांना यातलं काही पाळायची सक्ती नव्हती. त्यांना फक्त मरणाच्या दारात दीक्षा मिळाली की झालं, आत्मा सुटला. पोपने या पंथाविरुद्ध पुकारलेलं धर्मयुद्ध १२०९ साली सुरू झालं, ते १२२९ पर्यंत चाललं. १२४४ साली मोंसेग्यूरचा किल्ला पडला आणि दोनशेहून जास्त लोकांना एकदम जाळलं. पंथ संपला असं सगळे धरून चालले.

तो संपला नव्हता. मोंतायूच्या जवळच आक्स नावाचं गाव आहे. तिथला पिएर ओतिए हा चांगला खाऊनपिऊन सुखी नोटरी. १२९६ साली भावाला घेऊन तो इटलीत गेला, दीक्षा घेतली आणि १३०० च्या सुमारास परत येऊन चोरून प्रचार करू लागला. त्याचं एक वाक्य एका मेंढपाळाच्या जबानीत टिकलं आहे: मंडळ्या (म्हणजे चर्च) दोन आहेत, एक पळते आणि क्षमा करते, दुसरी धरून ठेवते आणि कातडी सोलते. १३१० साली तूलूझला त्याला जाळलं.

मोंतायूत तेव्हा दोनशे ते अडीचशे माणसं होती आणि त्यातली बरीच या पंथाची. १३०८ साली कार्कासोनच्या इन्क्विझिशनने (पाखंडी लोकांना शोधून खटले चालवणारं चर्चचं न्यायालय) धाड घातली आणि गावातल्या एकूण एक मोठ्या माणसाला धरून नेलं. बारा-तेरा वर्षांच्या वरचे सगळे. गावात पोरं आणि गुरं उरली.

पण आपल्याला जो खजिना मिळाला तो या धाडीतून नाही. तो आला दहा वर्षांनी. १३१७ साली पामिएचा बिशप झाला जाक फूर्निए. सावेर्दूंच्या साध्या घरातला मुलगा, सिस्टर्शियन साधू, अभ्यासू. १३१८ ते १३२५ या काळात त्याने स्वतःचं इन्क्विझिशन न्यायालय चालवलं. ३७० दिवस कामकाज, ५७८ उलटतपासण्या. मोंतायूची सुमारे पंचवीस माणसं त्याच्यासमोर उभी राहिली. त्याने यातना देऊन कबुली घेतल्याची उदाहरणं फार थोडी. त्याची पद्धत वेगळी होती: प्रश्न, मग परत प्रश्न, मग तुरुंग, मग पुन्हा तोच प्रश्न. त्या दिवशी घरात कोण होतं? चुलीच्या कुठल्या बाजूला बसलं होतं? जेवायला काय होतं? लेखनिक सगळं उतरवून घ्यायचा.

हाच फूर्निए पुढे १३३४ साली पोप झाला, बाराव्या बेनेडिक्टचं नाव घेऊन आव्हिन्योंच्या गादीवर बसला आणि तिथला पोपचा राजवाडा बांधायला घेतला. जबान्यांच्या वह्या तो बरोबर घेऊन गेला. त्यातली एक वही आज व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे, लॅटिन ४०३० या क्रमांकाखाली. तो साधा बिशप म्हणून मेला असता तर ही वही पामिएच्या एखाद्या पोटमाळ्यावर कसरीने खाल्ली असती, असं मला वाटतं.

गावाबद्दल लिहायचं तर क्लेर्ग घराण्यापासून सुरुवात करावी लागते. पिएर क्लेर्ग गावचा पाद्री, त्याचा भाऊ बेर्नार गावचा कारभारी. म्हणजे देवाचा दशांश आणि सरकारचा वसूल दोन्ही एकाच घरात. वर हा पाद्री आतून कॅथारांना सामील आणि बाहेरून इन्क्विझिशनचा खबऱ्या. गावात ज्याच्याशी वाकडं, त्याचं नाव कार्कासोनला जायचं. गावातल्या किती बायकांशी त्याचे संबंध होते याची यादी संशोधकांनी काढली आहे, ती डझनाच्या घरात जाते.

त्यातली एक बेआत्रिस द प्लानिसोल, किल्लेदाराची विधवा. ती सांगते, पाद्री येताना एक वनस्पती आणायचा, तागाच्या कापडात गुंडाळलेली, लांब दोऱ्याला बांधलेली. ती गळ्यातून छातीवर सोडायची, म्हणजे दिवस जात नाहीत. परत जाताना मात्र तो ती आठवणीने घेऊन जायचा. बेआत्रिसने एकदा मागितली तर दिली नाही, कारण ती हिच्याकडे राहिली तर ही दुसऱ्या कुणाकडे जाईल.

सध्या इथेच थांबतो. मेंढपाळांवर लिहायचं आहे, पण आधी कुणी वाचतंय का ते कळू दे.

पोटोबा

वाचतोय! जेवणात काय असायचं तेही लिहा.

टवाळ

पाद्री भारी निघाला. पुढचा भाग लवकर टाका राव.

शेवगा

छान लिहिलंय, पण एक शंका. समोर बिशप बसलाय, चुकीचं बोललं तर साखळदंड नाहीतर जाळून मरण. अशा वेळी माणूस जे बोलेल त्याला ‘इतिहास’ कसं म्हणायचं? मी कोर्टात काम करते. साधी चोरीची केस असली तरी साक्षीदार स्वतःला वाचवून आणि शेजाऱ्याला अडकवून बोलतो, हे रोज बघते. इथे तर जिवाचा प्रश्न होता.

दगडफूल

शेवगाताई, प्रश्न रास्त आहे. या वहीबद्दलचा खरा वाद हाच.

एमान्युएल ल र्वा लादुरी या फ्रेंच इतिहासकाराने १९७५ साली या वहीवरून गावाचं अख्खं जीवन उभं केलं. पुस्तक तुफान खपलं. त्यावर टीका झाली ती नेमकी याच मुद्द्यावर, की तो गावकऱ्यांशी गप्पा मारल्यासारखा लिहितो आणि मध्ये बसलेल्या बिशपला विसरतो. शिवाय गावकरी ऑक्सितान ही तिकडची बोली बोलायचे आणि वही लॅटिनमध्ये आहे. म्हणजे मेंढपाळाचं बोलणं लेखनिकाच्या हातून गाळून आपल्यापर्यंत पोचलं.

मी स्वतःपुरता एक नियम करून घेतलाय. कोण पाखंडी, कोणी कुणाला दीक्षा दिली, कुणाच्या घरात बैठक झाली, हे वाचताना सावध राहायचं. तिथे प्रत्येकाचा स्वार्थ आहे. पण बोलता बोलता निघून गेलेल्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा, कारण त्या खोट्या सांगून कुणाचाच फायदा नव्हता.

उदाहरण देतो. पाद्र्याचा बाप पोन्स क्लेर्ग मेला तेव्हा आजूबाजूच्या गावांतून माणसं आली. प्रेत स्वयंपाकघरात ठेवलं होतं. त्यांच्याकडे चुलीची खोली म्हणजे घराच्या आतलं घर, तिला ते ‘फोगान्या’ म्हणत. तिथे प्रेताच्या कपाळावरचे थोडे केस आणि हातापायांच्या नखांचे तुकडे कापून घेतले. का, तर घरधन्याबरोबर घराचं भाग्य निघून जाऊ नये. आता हे ना कॅथार, ना कॅथलिक. कॅथारांच्या लेखी देह म्हणजे सैतानाची करणी, त्याची नखं कोण जपून ठेवेल? म्हणजे पंथ कुठलाही असो, चुलीपाशी जुनंच चालू होतं. ही बाब आलाझाइस आझेमा नावाच्या बाईने सांगितली, आणि ती रचून सांगायचं तिला काही कारण दिसत नाही.

पोटोबा, जेवण: राय नावाच्या धान्याची आणि गव्हाची भाकरी, खारवलेलं डुकराचं मांस, चीज, कोबी, कांद्यासारखी लीकची पात, सलगम. द्राक्षवेली तेवढ्या उंचीवर होत नाहीत, त्यामुळे वाईन खालून आणायची. दळणही गावात नाही, गाढवावर धान्य लादून आक्सला न्यायचं.

शेवगा

नियम पटला, निम्मा. उवांचं आणि नखांचं मान्य. पण मग पाद्र्याच्या भानगडींचं काय? त्या ‘बोलता बोलता निघालेल्या’ नाहीत. त्या सांगणाऱ्या बायकांना त्याच्यावर सगळं ढकलण्यात फायदा होता. मला फसवलं, मला बिघडवलं, मी काय करणार. पाद्र्याची स्वतःची जबानी आहे का?

दगडफूल

नाही. आणि तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत.

पिएर क्लेर्गला १३२० साली पकडलं आणि तो तुरुंगात मेला. त्याचा कबुलीजबाब वहीत नाही. ज्याच्याबद्दल सगळं गाव बोलतंय तो एकटाच गप्प आहे. त्यामुळे आपल्यासमोर येणारा क्लेर्ग म्हणजे त्याच्या जुन्या मैत्रिणींनी आणि वैऱ्यांनी मिळून रंगवलेला क्लेर्ग.

वैरीही थोडेथोडके नव्हते. मोर्स घराण्याशी त्याचं हाडवैर. त्या घरातल्या मांगार्द मोर्सने त्याच्या पाखंडीपणाबद्दल तोंड उघडलं, तर खोटी साक्ष दिल्याच्या नावाखाली तिची जीभ कापवली असा आरोप आहे. तिचा मुलगा मेंढ्या घेऊन परागंदा झाला आणि पाद्र्याला मारायचे बेत करत फिरला. हा मुलगा जबानीत पाद्र्याबद्दल चांगलं बोलेल अशी अपेक्षा कशी करायची?

दुसरी बाजूही आहे. भाऊ बेर्नारने पिएरला सोडवायला पाण्यासारखा पैसा ओतला, पामिएच्या वजनदार लोकांची दारं झिजवली. भाऊ मेल्याचं कळलं तेव्हा तो तुरुंगात इतर कैद्यांसमोर आक्रोश करत होता, की माझा देव गेला, माझा धनी गेला. पाखंडाच्या खटल्यात भावाला देव म्हणायचं! तेही उतरवून ठेवलंय.

कुळागर

आम्हां गोंयकारांना इन्क्विझिशन शब्द ऐकला की १५६० आठवतं. तेच हे का? आणि आमच्याकडच्या जबान्या अशा का सापडत नाहीत?

दगडफूल

कल्पना तीच, यंत्रणा वेगळी. मोंतायूचं न्यायालय पोप आणि बिशपच्या अधिकारातलं. गोव्यातलं पोर्तुगालच्या राजसत्तेशी जोडलेलं, १५६० ते १८१२, मध्ये काही वर्षं बंद. मुख्य फरक कागदांचा. गोव्यातलं न्यायालय १८१२ साली बंद झालं आणि तिथल्या खटल्यांचे बहुतेक कागद नष्ट केले गेले. त्यामुळे तिथले निकाल आणि आकडे थोडेफार कळतात, पण कोण चुलीपाशी काय बोललं ते कळत नाही. इथे न्यायाधीश पोप झाला, म्हणून कागद वाचले.

राघू

मेंढपाळांचं काय झालं? माझे आजोबा मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरायचे, त्यामुळे तेवढंच वाचायला आलोय.

दगडफूल

राघू, तुमच्यासाठीच राखून ठेवलंय. फरक एवढाच की तुमचे आजोबा पावसाचं गणित बघायचे, हे बर्फाचं. उन्हाळ्यात पिरेनीजच्या वरच्या कुरणांत, थंडीत खाली कॅटलोनियाच्या किंवा फ्रान्सच्या बाजूला. सहा-आठ जणांची एक झोपडी, तिथेच दूध काढायचं, चीज करायचं. सीमा वगैरे त्यांना ठाऊक नव्हती.

यातला पिएर मोरी हा माझा सगळ्यात आवडता माणूस. मोंतायूचा, १२८२-८३ च्या आसपास जन्मलेला. ना घर, ना बायको, ना जमीन. कधी दुसऱ्याच्या मेंढ्या, कधी स्वतःच्या. पैसे आले की कुणाला तरी देऊन मोकळा, पण डोंगराच्या दोन्ही बाजूंना मित्र. बिशपच्या हद्दीत गेलास तर पकडतील, जाऊ नकोस, असं त्याला बजावलेलं असायचं. तो म्हणायचा की मी वाढलो तसाच जगणार, माझ्या नशिबात असेल ते होईल.

याचा दोस्त गियोम बेलिबास्त. दीक्षा घेतलेल्यांपैकी या प्रदेशातला शेवटचा. माणूस गमतीचा. हाणामारीत एका मेंढपाळाला मारून पळाला, मग दीक्षा घेतली, मग वेश बदलून आरागॉनच्या मोरेया गावात फण्या करून विकायला लागला. लोकांना संशय येऊ नये म्हणून रेमोंद नावाची बाई बायको म्हणून घरात ठेवली. प्रवासात एका पलंगावर झोपायची वेळ आली तर कपडे न काढता झोपतो, असं सांगायचा.

रेमोंदला दिवस गेले. आता ब्रह्मचारी महाराजांची पंचाईत! त्यांनी पिएर मोरीला गळ घातली, तू हिच्याशी लग्न कर. भोळा मोरी तयार झाला. लग्न लागलं, आणि चार-दोन दिवसांत महाराजांनीच ते मोडलंही. पोराला बाप मिळाला तेवढा पुरे. मोरीला सगळं कळत होतं, तरी त्याने मैत्री तोडली नाही.

टवाळ

हा मोरी भोळा नाही, संत आहे.

दगडफूल

किंवा दोन्ही.

बेलिबास्तचा शेवट मात्र वाईट झाला. आर्नो सिक्र नावाचा तरुण. त्याच्या आईला पाखंडी म्हणून जाळलं होतं आणि घरदार जप्त झालं होतं. बाप सरकारी बाजूचा, १३०८ च्या मोंतायूच्या धाडीत हात असलेला. पोराने ठरवलं, एखादा मोठा मासा पकडून द्यायचा आणि आईचं घर परत मिळवायचं. स्पेनमध्ये सांत मातेउला तो मोच्याच्या दुकानात काम करत होता. तिथे मोंतायूहून पळून आलेली गिल्मेत मोरी भेटली. हळूहळू तो त्या परागंदा मंडळींत शिरला, धर्म ऐकला, जेवला-खाल्ला. श्रीमंत आत्या भेटायला बोलावतेय म्हणून बेलिबास्तला फ्वाच्या सरदाराच्या हद्दीतल्या तिर्व्हिया गावी घेऊन आला. तिथे दोघांनाही धरलं, ठरल्याप्रमाणे. १३२१ साली व्हिलरूज-तेर्मेनेसला बेलिबास्तला जाळलं. सिक्रला फूर्निएने बक्षीस दिलं. या सगळ्याचा तपशील आपल्याला मिळतो तो सिक्रच्याच जबानीतून, आणि तो हे अगदी थंडपणे सांगतो.

पिएर मोरीला १३२४ साली तुरुंगवास झाला. त्यानंतर वहीत तो नाही.

मेथीदाणा

मी लहान बाळाची आई आहे, म्हणून विचारते. मरताना दीक्षा द्यायची म्हणजे लहान मुलांनाही द्यायचे का?

दगडफूल

नियमाने द्यायची नाही, कारण समजायला हवं. पण एक घटना आहे, मोंतायूची नाही, आर्क गावची. पिएर मोरी ज्यांच्याकडे कामाला होता त्या रेमों पिएरच्या घरातली. त्यांची जाकोबा वर्षाचीही नव्हती आणि आजारी पडली. पाद्र्यासारखा फिरणारा एक दीक्षित आला आणि त्याने बाळाला दीक्षा दिली. आता यापुढे दूध नाही, काही नाही, फक्त वाट बघायची. बाप आनंदला, मुलगी देवदूत होणार. आई सिबिल मात्र पुरुष घराबाहेर पडेपर्यंत थांबली आणि तिने बाळाला पाजलं. नवऱ्याला कळल्यावर तो संतापला. नंतर बरेच दिवस त्याने तिच्यावरची आणि बाळावरची माया आटवली. मोरी तेव्हा त्याच घरात होता आणि त्याने तिची समजूत काढली. मूल वर्षभराने गेलं, पुन्हा दीक्षा न मिळता.

शेवगाताई, हे सिबिलने स्वतः सांगितलंय. यात तिचा फायदा होता असं म्हणता येईल, ‘मी त्यांचा नियम मोडला’ हे बिशपला आवडणारच. तरीही मला ते खरं वाटतं.

शेवगा

मलाही वाटतं. पण ‘वाटतं’ आणि ‘आहे’ यात माझ्या नोकरीत फार अंतर असतं. :)

शिक्षा काय झाल्या एकूण? सगळ्यांना जाळलं का?

दगडफूल

नाही. फूर्निएने पाच जणांनाच जाळायला दिलं, त्यातला मोंतायूचा एकच, गियोम फोर. तो एकदा सुटून पुन्हा सापडला होता. बाकीच्यांना तुरुंग. कडक तुरुंग म्हणजे पायात साखळी, भाकरी आणि पाणी. सौम्य शिक्षा म्हणजे कपड्यांवर पुढे-मागे पिवळे क्रूस शिवून हिंडायचं. सौम्य म्हणायचं खरं, पण असा क्रूस असलेल्याला काम कोण देणार आणि पोरगी कोण देणार? बेआत्रिसला मार्च १३२१ मध्ये तुरुंगात टाकलं, जुलै १३२२ मध्ये सोडलं, क्रूस लावून.

तिची झडती घेतली तेव्हाचं सामान मात्र बघण्यासारखं आहे. नातवंडांच्या वाळलेल्या नाळा, मुलीच्या पहिल्या पाळीच्या रक्ताचं कापड. फूर्निएला चेटूक वाटलं. ती म्हणाली, नाळ जवळ असली की कोर्टात खटला हरत नाही, आणि कापड जावयासाठी, त्याचं मन मुलीवरून उडू नये म्हणून. खटला ती हरली.

पोटोबा

आणि गाव?

दगडफूल

गाव झिजत गेलं. १३४८ ची प्लेगची साथ, मग युद्धं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस तिथे २३ चुली नोंदलेल्या आहेत, म्हणजे फारतर शंभरेक माणसं. क्लेर्ग आडनाव मात्र गावात शतकानुशतकं टिकलं. इन्क्विझिशनने एवढं करून घराणं काही मोडलं नाही.

राघू

इंग्रजीत मिळेल का हे पुस्तक? आणि मेंढपाळांचं प्रकरण त्यात पूर्ण आहे का?

दगडफूल

इंग्रजी अनुवाद १९७८ चा आहे, पण संक्षिप्त. मेंढपाळांचा भाग बऱ्यापैकी आहे. मूळ जबान्या वाचायच्या तर जां द्युव्हेर्नुआने लॅटिन वही १९६५ साली तीन खंडांत छापली आणि नंतर फ्रेंच भाषांतरही केलं. फ्रेंच येत असेल तर थेट तेच घ्या, पिएर मोरीची जबानी सलग वाचा. ती लांबलचक आहे, आणि त्यात मेंढ्यांचे हिशोब फार आहेत.

राघू

हिशोब चालतील.